अंगणातला मांडव : प्रकल्प नोंदी (परभणी, मार्च ते मे २०२५)

१६ मार्च, रविवार

इमारतीच्या कामावर रोज संध्याकाळी साइट डायरी लिहायची : मजूर किती, सिमेंट किती, अडचण काय. तीच सवय यंदा घरच्या कामाला लावते आहे. वही तीच, मागची पानं कोरी होती.

काम : अंगणात लेकरांसाठी सावलीचा मांडव. जागा : जुन्या माळवदाच्या (मातीच्या धाब्याच्या) घरापुढचं अंगण, पूर्व-पश्चिम २० फूट, दक्षिणोत्तर १४. घर दक्षिणेला, दार उत्तरेला. वापरणारे : थोरली (दुसरीत), धाकटा (साडेतीन वर्षांचा), आणि मेमध्ये पुण्याहून येणारी नणंदेची मुलगी.

मागण्या विचारून घेतल्या. थोरलीला झोका पाहिजे. धाकट्याला चिखल पाहिजे. नवऱ्याला बाज टाकून पडायला जागा पाहिजे. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, मांडवच नको.

त्यांची हरकत रास्त आहे. एप्रिल हा वाळवणाचा महिना. कुरडया, खारोड्या, ज्वारीचे पापड, शेवया, वर्षभराच्या मिरच्या, सगळं ह्याच अंगणात वाळतं. "ऊन हाय म्हणून तर अंगण हाय," त्या म्हणाल्या, "आन् तुम्ही तेच झाकायला निघालात."

म्हणजे एकाच अंगणात सावलीही हवी आणि कडक ऊनही, दोन्ही एकाच वेळी. कामाची खरी अट ही. बाकी बांबू-सुतळी किरकोळ.

कोपऱ्यात लिंबाचं (कडुलिंबाचं) झाड आहे, पण ते ऐन मार्चमध्ये पानं टाकतं. सध्या त्याच्याखाली बसलं तर वरून ऊन आणि डोक्यात पाचोळा. पाडव्याला पालवी आणि मोहोर असतो. दाट सावली मिळेपर्यंत एप्रिल निम्मा सरलेला असतो.

२३ मार्च, रविवार

मांडव कुठं घालायचा हे अंदाजानं ठरवायचं नाही, सावली मोजून ठरवायचं. अंगणाच्या मधोमध वाळूच्या डब्यात मीटरभर लोखंडी गज उभा केला. थोरलीनं ओळंबा धरला. ओळंबा हातात आल्यापासून घरातली प्रत्येक गोष्ट तिला वाकडी दिसायला लागली आहे. देवघराची चौकट खरंच वाकडी निघाली.

डोक्याला रुमाल बांधून, बारा ते एक, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. मधल्या वेळात ओसरीवर. सगळ्यात आखूड सावली ३३ सेंटिमीटर, साडेबाराच्या सुमाराला.

"बारा वाजता का नाही?" हा प्रश्न आलाच. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरच्या बाजूला लावलेलं आहे. परभणी त्याच्या पश्चिमेला पावणेसहा अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपल्याकडं सूर्य माथ्यावर यायला बावीस-तेवीस मिनिटं उशीर होतो, आणि मार्चमध्ये आणखी थोडा. थोरलीनं यातून काढलेला निष्कर्ष : शाळेची घंटा आपल्याला वीस मिनिटं आधी वाजवतात.

कामाच्या दृष्टीनं निष्कर्ष असा. घराची भिंत १० फूट. तिची दुपारची सावली आत्ता सव्वातीन फूट आहे आणि ती दर आठवड्याला आक्रसत जाणार. मेच्या मध्यावर ती शून्य होते. म्हणजे जेव्हा सावली सगळ्यात जास्त लागते, नेमकं तेव्हा घर सावली देत नाही. भिंतीच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

मांडव पश्चिमेच्या भिंतीला लागून, ८ बाय १०, उंची ७ फूट. सकाळभर त्याची सावली शेजारच्या बोळात पडेल आणि पूर्वेकडचं १२ फूट अंगण वाळवणाला उघडं राहील. दोन वाजता सावली पूर्वेला जेमतेम सव्वातीन फूट सरकते, चारपर्यंत नऊ-साडेनऊ. तोवर वाळवण उलटून झालेलं असतं. खडूनं आखून आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी रेघेवर पाय ठेवून बघितलं आणि रेघ एक फूट पश्चिमेला सरकवायला लावली. मंजूर.

२९ मार्च, शनिवार

अंगण खोदायचं नाही ही दुसरी अट. जुन्या फरशीखाली नळाची लाइन कुठून गेली आहे ते कुणालाच आठवत नाही. म्हणून रंगाचे चार रिकामे डबे, त्यात काँक्रीट, त्यात बांबू उभे. ओलं सिमेंट हात खातं, म्हणून लेकरांना लांब बसवलं होतं. तरी धाकट्यानं एका डब्यात चिंचोके पेरले. झाड येणार म्हणतो. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी घालतो आहे. क्युरिंग इतकं नियमित माझ्या साइटवरही होत नाही.

३० मार्च, रविवार (पाडवा)

गुढी उभारली. लिंबाचा मोहोर, गूळ, ओवा, चिंच यांची गोळी. धाकट्यानं गाठी खाल्ली, गोळी मांजराला दिली.

दुपारी दीर गावाकडून टेम्पोत तुराट्या घेऊन आले. तूर निघाली की शेताच्या बांधावर रचून ठेवतात, चुलीला आणि कूड घालायला. शेतकऱ्याच्या घरी ह्या फुकट. बाजारात हिरवी जाळी मिळते, ती लावायला सोपी हे खरं. पण पन्नास टक्क्यांच्या जाळीतून निम्मं ऊन खाली येतंच आणि वारा आला की फडफडून लेकरं घाबरतात. तुराट्यांचे दोन थर आडवे-उभे टाकले की खाली गार अंधार पडतो आणि फटींतून गरम हवा वर निघून जाते. पत्र्याखाली ती कोंडते.

५ एप्रिल, शनिवार

आज कुरडया. मांडवाच्या नोंदीत कुरडया कशाला, असं नवरा म्हणाला. हीच तर साइटची चाचणी.

गहू बुधवारी भिजत घातले होते. रोज पाणी बदलायचं, तीन दिवस. हे काम थोरलीकडं होतं. पहिल्या दिवशी हौस, दुसऱ्या दिवशी नाक दाबून, तिसऱ्या दिवशी बुडबुडे आलेले आणि आंबूस वास सगळ्या घरात. पण तिनं चुकवलं नाही, कारण आत्याबाईंनी सांगून ठेवलं होतं की पाणी बदललं नाही तर कुरडई काळी पडते आणि मग पाहुण्यांना सांगावं लागतं कुणामुळं.

काल संध्याकाळी गहू वाटून, पिळून, गाळून चीक काढला. रात्रभर तो पातेल्यात तळाला बसला. पहाटे वरचं पिवळं पाणी अलगद ओतून दिलं. खाली पांढराशुभ्र घट्ट थर. धाकट्यानं बोट घातलं. दाबलं की कडक आणि सोडलं की वाहतं, हे त्याला इतकं आवडलं की अर्धा तास त्याला तिथून हलवता येईना. चिखलाची मागणी इथं पूर्ण झाली, असं मी वहीत टिपून घेतलं.

चिकाइतकंच पाणी, मीठ, उकळी, आणि मग एकीनं धार सोडायची, दुसरीनं दांड्यानं हाटत राहायचं. थांबलं की गुठळी. शिजला की पहिली वाटी लेकरांची, गरम चिकावर दूध-साखर. थोरलीला कच्चं तेल आणि मीठ घालून आवडतो. ती आमच्या लातूरची आहे या बाबतीत.

पाच वाजता सुरुवात, साडेआठला सोऱ्या धुवून ठेवला. शाळा बुडाली. आत्याबाईंनी परस्पर परवानगी दिली होती.

राखणीचं काम लेकरांचं. मांडवाच्या सावलीत बाज, बाजेवर दोघं, हातात काठी, समोर उन्हात कुरडया. खडूची रेघ ही सरहद्द. कावळा रेघेच्या आत आला की ओरडायचं. खेळण्यांचा डबा बाजेखाली होता, कुणी उघडला नाही. कुणी पाहिलं नाही तर कुरडई जाते, हे त्यांना कळलेलं होतं. थोरलीनं तर शेजारच्या दोघींना पाळी लावून दिली आणि स्वतः मुकादम झाली. मजुरी : अर्धवट वाळलेली कुरडई, प्रत्येकी एक. ती कुरडई कडक झालेल्यापेक्षा जास्त चांगली लागते, हे त्यांना आत्याबाईंनी शिकवलं आणि मग दर अर्ध्या तासाला वाळलीय का बघायची तपासणी सुरू झाली.

सावली अडीच वाजता रेघेला लागली. चाचणी पास.

६ एप्रिल, रविवार (रामनवमी)

गजाची सावली : साडेबावीस सेंटिमीटर, १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास. मंदिरात रामजन्म मात्र घड्याळाच्या बाराला झाला. पाळणा हलवून, सुंठवडा घेऊन आम्ही घरी आलो तरी खुणा करायला वेळ उरला होता. थोरलीनं आत्याबाईंना विचारलं की राम सूर्यवंशी ना, मग त्याचा जन्म सूर्याच्या बाराला का नाही करत. "पुजाऱ्याला भूक लागती," हे उत्तर.

९ एप्रिल

परीक्षा सुरू, २५ तारखेपर्यंत. पूर्वी एप्रिलच्या मध्यावर शाळा मोकळी व्हायची. आता भर उन्हात दप्तर. शाळा सकाळची आहे एवढंच. अभ्यास मांडवात, पाढे झोक्यावर. झोका वरच्या बांबूला नाही बांधला, लिंबाच्या फांदीला बांधला. डब्यातले बांबू सावलीचं वजन पेलतील, सात वर्षांच्या मुलीचा हेलकावा नाही.

१३ एप्रिल, रविवार

मांडवातलं पाणवठ्याचं काम. कुंभाराकडून एक नवा माठ, मोठा. एक दिवस भरून ठेवून ते पाणी झाडाला. खाली वाळूचं आळं, वाळू ओली, माठाला ओलं गोणपाट.

थर्मामीटर मांडून तीन वाजता मोजलं. मांडवातली हवा ३९. स्टीलच्या घागरीतलं पाणी ३४. माठातलं २६. थोरलीनं तीनदा बुडवून बघितलं, तिचा विश्वास बसेना. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, आणि आपल्याकडची उन्हाळी हवा इतकी कोरडी की ते भराभर वाळतं. मुंबईच्या दमट हवेत हाच माठ इतका गार होणार नाही. घरातल्या कोपऱ्यातला जुना माठ २९ वर होता, कारण तिथं वारा नाही.

यानंतर धाकट्यानं माठाला सजवलं. डबे रंगवून उरलेला निळा ऑइलपेंट त्याला सापडला. मी पोचेपर्यंत निम्मा माठ निळा. आत्याबाई रागावल्या, पण प्रयोग म्हणून ही नोंद मोलाची आहे : निळ्या बाजूला पाझर बंद, गोणपाट कोरडं, मातीच्या बाजूला ओलं. संध्याकाळी पाणी २९. रंगानं छिद्रं बुजतात हे थोरलीला शंभरदा सांगून जेवढं कळलं नसतं तेवढं हात लावून कळलं. माठ आता झाडाला पाणी घालण्यासाठी. नवीन आणला.

१४ एप्रिल

सुट्टी. संध्याकाळी बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक बघायला सगळे गेलो. धाकटा नवऱ्याच्या खांद्यावर. डॉल्बीच्या समोर नको म्हणून पुढं चौकात जाऊन थांबलो. येताना खीर.

२० एप्रिल, रविवार

गजाची सावली साडेतेरा.

मांडवाची एक बाजू उघडी पडते आहे. पश्चिमेला कूड घातला होता, पण आता संध्याकाळचं ऊन उत्तरेच्या उघड्या बाजूनं तिरपं आत येतं. सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो फक्त विषुवदिनाच्या आसपास. मेपर्यंत तो वीस अंश उत्तरेकडं सरकतो. उत्तरेला चार फुटी कूड वाढवला, आणि वर वाळ्याचा पडदा.

वाळ्याचा पडदा म्हणजे पाणी. इथं हिशेब कडक आहे. नळ कधी येईल याचा नेम नाही, बोअर दुपारनंतर धापा टाकते. ठरलं असं : आंघोळीचं पाणी टबात साठवायचं, संध्याकाळी त्याचाच मांडवाखाली सडा, वाळ्यावर फक्त तांदूळ-भाजी धुतलेलं. पक्ष्यांच्या परळात मात्र स्वच्छ. आंबलेलं पाणी पक्षीही पीत नाहीत, हे धाकट्याचं निरीक्षण, आणि तो रोज परळ घासतो. स्वतःचा पेला घासत नाही.

हिशेब चालला असताना लातूरची गोष्ट निघाली. माझं माहेर तिथलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, मिरजेहून. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. 'जलदूत' म्हणायचे तिला. माझ्या आईकडं तेव्हा पाहुणा आला की आधी बादली बघायचे आणि मग या म्हणायचे. थोरली तेव्हा जन्मली नव्हती. ती ऐकून गप्प बसली आणि धाकट्यानं लगेच गाडी काढली : डबे, तांबे, लोटे सुतळीनं ओवून, न्हाणीपासून मांडवापर्यंत. सडा आता गाडीनं येतो. सांडतो निम्मा, पण अंगणातच सांडतो.

२२ एप्रिल

रोजचं तापमान भिंतीवर लिहायचं काम थोरलीनं घेतलं आहे. सकाळच्या पेपरात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा येतो तो. चाळिशी ओलांडून बरेच दिवस झाले. आकडा वाढला की ती आनंदानं ओरडते, हे शेजारच्या आजोबांना बरं वाटत नाही. ते म्हणतात, जगात जर्मनी, भारतात परभणी, आन् उन्हात तर आपलीच पोरगी.

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते, कारण मांडव बघून दोघी-तिघींनी चौकशी केली. अकरा ते पाच ह्या मांडवाचा उपयोग नाही. सावली ऊन अडवते, हवा गार करत नाही. आत ४१ असेल तर लेकरू तापतंच. तेवढा वेळ सगळी आत, माळवदाच्या खोलीत. दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंती आणि वर मातीचं धाबं. बाहेरची दुपार तिथं पोचायला संध्याकाळ होते. नव्या स्लॅबच्या खोलीत उलट, रात्री दहाला छत तापलेलं. मांडवाच्या वेळा : सकाळी सात ते अकरा, संध्याकाळी पाच ते झोप येईपर्यंत.

२६ एप्रिल, शनिवार

परीक्षा संपली. दुपारच्या बंद खोलीसाठी खेळ हवा होता. मोबाइल मागायच्या आधी आत्याबाईंनी चिंच काढली. फोडायची, चिंचोके वेगळे, शिरा वेगळ्या. तासाभरानं चिंचोक्यांचा ढीग आणि सगळ्यांची तोंडं आंबट.

चार चिंचोके दगडावर घासून सपाट केले, एक बाजू काळी, एक पांढरी. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं, चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि मधोमध फुली. खेळाचं नाव चल्लस. चारही पांढरे उताणे पडले की चार, चारही काळे पडले की आठ, आणि दोन्हींना पुन्हा डाव. फुलीवरच्या सोंगटीला मारता येत नाही. थोरलीची बेरीज या एका खेळानं परीक्षेपेक्षा जास्त सुधारेल. आत्याबाई बिनदिक्कत खोटं खेळतात. तीन पांढरे पडले की मांडी हलवतात आणि चौथा उताणा होतो. थोरलीनं पकडलं तर म्हणाल्या, "डोळं हायत का बघत व्हते."

धाकट्याला नियम कळत नाहीत, म्हणून त्याच्याकडं चिंचोके टाकायचं काम. सगळ्यांचे तोच टाकतो. यामुळं खोटं खेळणं बंद झालं.

३० एप्रिल (आखिती, अक्षय्य तृतीया)

करा-केळीची पूजा. पितरांना आमरस दाखवल्याशिवाय आमच्या घरी कुणी आंबा खात नाही; म्हणून आज सकाळपासून दोघं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. बाजारात मराठवाडा केसर आलेला आहे, बीडकडचा. रस, पुरणपोळी, कैरीचा तक्कू. मांडवात पंगत.

उद्या सुट्टी, गजाची सावली उद्या मोजणार.

१ मे : सात सेंटिमीटर.

४ मे, रविवार

गंगाखेडच्या बाजूला दिरांच्या शेतात. भाची पुण्याहून काल आली, तिला थेट तिकडंच नेलं.

गावरान आंब्याची तीन झाडं, प्रत्येकाची चव निराळी. एकाला पाड लागला होता. झेल्यानं (काठीला बांधलेल्या जाळीनं) उतरवायचे, देठ ठेवून. देठ तुटला की चीक अंगावर येतो आणि फळ तिथं काळं पडतं. झेला जड, लेकरांना पेलत नाही. त्यांचं काम खाली : उतरलेला आंबा देठ वर करून गवतावर ठेवायचा, आपटलेला बाजूला. भाची पहिल्यांदा हाताला चीक लागतो म्हणून बोटांच्या चिमटीत धरत होती. जेवणाच्या वेळेपर्यंत तिच्या कोपरापर्यंत चीक आणि तिला त्याची पर्वा नव्हती.

गोदावरीवर नेलं नाही. पाणी आटलेलं असलं तरी वाळू उपसून झालेले खड्डे वरून कळत नाहीत, आणि ते खोल असतात. रडारड झाली. विहिरीच्या मोटरीखाली हौदात बसवलं, रडं थांबलं.

६ मे

अढी लावली, माळवदाच्या खोलीत. खाली कडब्याचा थर, त्यावर आंबे एकाशेजारी एक, मग गवत, पुन्हा आंबे. घरभर वास यायला तीन-चार दिवस.

अढीची मालकी कुणाची यावरून वाद झाला. शेवटी थोरली आणि भाची दोघींनी वही घातली : रोज सकाळी अढी चाळायची, पिकलेला वर, डागाळलेला बाहेर, आकडा वहीत. मी सांगितलं नव्हतं. माझीच वही बघून केली असावी. तिच्यात "अडचण" असा रकानाही आहे. त्यात आज लिहिलं आहे : धाकटा.

११ मे, रविवार

गजाची सावली अडीच सेंटिमीटर, कडा पुसट. कालपासून दुपारी ढग दाटून येतात.

संध्याकाळी वावधान सुटलं. आधी धुळीचा लोट, मग लिंबाच्या फांद्या, मग मोठे मोठे थेंब. लेकरं मांडवातून आत, बाज आत, खारोड्यांची चवाळी चौघांनी चार टोकं धरून आत. विजा होत्या म्हणून झाडाजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. वीस मिनिटांत थांबलं. उत्तरेचा कूड बोळात जाऊन पडला, वरचा एक थर उडाला. डबे जागचे हलले नाहीत.

चिंचोके पेरलेल्या डब्यावर पाणी साचलं होतं. धाकटा त्यात बराच वेळ बघत होता. अजून नाही आलं म्हणाला.

१७ मे, शनिवार

परभणीत शून्य सावलीचा दिवस १६-१७ मेच्या आसपास येतो. सूर्य जेवढ्या अक्षांशावर डोक्यावर असतो तेवढाच आपला अक्षांश, सव्वाएकोणीस अंश. लातूरला चार दिवस आधी, संभाजीनगरला दोन दिवस नंतर.

काल पूर्ण ढग. आज सकाळपासून ढग-ऊन असं चालू. सव्वाबाराला आम्ही सगळे गजाभोवती : डोक्यावर रुमाल, हातात ताकाचे पेले, शेजारच्या तिघी, आणि ढगाला शिव्या देणारे शेजारचे आजोबा. १२ वाजून १७ मिनिटांनी ऊन पडलं. दीड मिनिट, फार तर दोन.

गजाच्या बुडाशी काहीच नव्हतं. थोरलीची सावली तिच्या पायाखाली, एवढी की भाचीनं तिला एका पायावर उभं राहायला लावलं तेव्हा कुठं दिसली. धाकटा स्वतःची सावली शोधत गोल फिरला आणि चक्कर येऊन बसला. आत्याबाई ओसरीवरून बघत होत्या. साठ-पासष्ट उन्हाळे ह्या अंगणात काढले आणि हे आज पाहिलं, म्हणाल्या. मग खाली आल्या, गजाजवळ ताट ठेवून बघितलं, तांब्या ठेवून बघितला. तांब्याला सावली होती, पोटाखाली. "ह्यो लबाड हाय," म्हणाल्या आणि उचलून नेला.

उद्यापासून दुपारची सावली दक्षिणेला पडणार, घराच्या बाजूला. पुन्हा शून्य जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा पावसाळी ढग. थोरलीनं तरी तारीख भिंतीवर लिहून ठेवली.

२५ मे, रविवार

यंदा वळीव थांबायचं नाव घेत नाही. मांडव उतरवला. भिजलेल्या तुराट्या पसरून वाळवल्या, त्या चुलीला. बांबू माळ्यावर. डबे तसेच, ओसरीच्या कडेला. त्यातला एक हलवायचा नाही अशी सक्त ताकीद आहे, पाणी चालू आहे.

अढी संपली. शेवटच्या आंब्यांची साठं घातली होती, ती उन्हाअभावी घरातच पंख्याखाली वाळवावी लागली. भाची परवा जाते आहे. तिच्या पिशवीत कुरडया, तक्कूची बरणी, चार घासलेले चिंचोके. तिच्या आईचा फोन आला होता, इतकी काळी कशी झाली म्हणून.

खर्च : बांबू, सिमेंट, सुतळी, वाळ्याचा पडदा, दोन माठ मिळून साडेतीन हजारांच्या आत. तुराट्या घरच्या. दिरांना टेम्पोचं डिझेल द्यायचं बाकी.

वाळ्याचा पडदा धुवून, वाळवून गुंडाळला. सुतळीचा उरलेला गुंडा हिशेबात धरलेला नाही, तो धाकट्याकडं आहे आणि मागितला की भांडण होतं.